काकूंची शीर सापडत नाही

लंडन, ऑंटारिओ
२ फेब्रुवारी २०२५

ती. दिनूकाका,

साष्टांग नमस्कार घातला असं समजा. सकाळपासून दोनदा ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून कंबर धरली आहे, तेव्हा खराखुरा नमस्कार पुढच्या भेटीत.

ईमेलला तुम्ही उत्तर देत नाही आणि फोन काकू सोडत नाहीत, म्हणून तुमच्या नियमाप्रमाणे कागदावर, शाईने, मराठीत लिहिते आहे. कामच तसं आहे. मला एका भूलतज्ज्ञाचं मत हवंय. तुम्ही रिटायर होऊन सोळा वर्षं झाली असली तरी तुमची मतं अजून ड्यूटीवर आहेत, हे अख्ख्या रिचमंड हिलला ठाऊक आहे.

मी ज्या टीममध्ये नर्स आहे तिचं काम एकच. हॉस्पिटलमध्ये ज्याची शीर कुणालाच सापडत नाही, त्याला सलाईनची सुई आम्ही जाऊन लावतो. सध्या आम्ही एक नवी सुई वापरून बघतोय. नेहमीच्या सुईवर जी प्लास्टिकची नळी असते ती सव्वा इंचाची, हिची सव्वादोन इंच. शिवाय आत एक बारीक तार. सोनोग्राफीच्या पडद्यावर शीर बघून टोचायचं, रक्त दिसलं की बोटाने एक खटका पुढे सरकवायचा. तार शिरेत पुढे जाते आणि तिच्यावरून नळी अलगद आत सरकते. मग सुई आणि तार बाहेर, आत फक्त नळी. वय झालेल्या किंवा सुजलेल्या हातात शिरा खोल असतात. तिथे छोटी नळी जेमतेम पोचते आणि पेशंटने हात हलवला की निसटते. लांब नळी चांगली आठवडाभर टिकते.

टीममधल्या बारा जणांचे अनुभव गोळा करून रिपोर्ट लिहायचं काम मॅनेजरने माझ्या गळ्यात मारलंय. फॉर्म वाटलेत. मला विचाराल तर मला ही सुई झटकन जमली. शेवटी हात आपल्या घराण्यातलाच ना!

काकूंचा पाय कसा आहे? रविवारी फोनवर "जरा लाल झालाय" म्हणाल्या. त्यांचं "जरा" मला माहीत आहे. मधुमेह आहे, दर हिवाळ्यात पायाला इन्फेक्शन होतं. हयगय करू नका.

तुमची,
चैत्राली

---

रिचमंड हिल
१४ फेब्रुवारी २०२५

चि. चैत्राली,

अनेक आशीर्वाद. त्यातला एक अक्षर सुधारण्यासाठी.

तुझं पत्र वाचलं. शिरेत तार! म्हणजे लेंग्यात नाडा ओवायची काडीच की. नागपूरच्या होस्टेलवर आम्ही त्या कामाला टूथब्रश वापरायचो, त्यावर कुणी रिपोर्ट मागितला नव्हता.

आमच्या वेळी सोनोग्राफी नव्हती, तार नव्हती, होतं ते हे बोट. दंडाला पट्टा बांधायचा, डोळे मिटायचे आणि बोटाने विचारायचं, बाई गं, कुठे आहेस? शीर उत्तर द्यायची. छत्तीस वर्षांत लोक मला मध्यरात्री घरून बोलावून न्यायचे, ते काय माझ्या विनोदांसाठी नाही. तुमच्या पिढीला पडदा लागतो. नाचता येईना अंगण वाकडं.

आणि "झटकन जमली" हे तुझं वाक्य मी तीनदा वाचलं. कितीपैकी किती, ते लिहिलेलं नाहीस. भूलतज्ज्ञाला सगळे पेशंट "मी काही खाल्लेलं नाही" असंच सांगतात, त्यामुळे माझा कान तयार आहे.

आता काकूचं. तिचा "जरा लाल" पाय गुडघ्यापर्यंत गेला. चार तारखेला इमर्जन्सीत नेलं. शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं ठरलं आणि इथल्या नर्सबाईंनी तिला पाच वेळा टोचलं. पाच! दोन शिरा फुटल्या, हात निळा झाला. शेवटी एक सुई कशीबशी लागली ती चौथ्या तासाला निघाली. मग डॉक्टरांनीच गोळ्यांवर भागवलं आणि घरी पाठवलं. पाय तूर्त उतरला आहे. पण ते बजावून सांगतात, पुन्हा उलटलं तर गोळ्या पुरणार नाहीत, शिरेतूनच औषध द्यावं लागेल, नाहीतर पाय गमवायची वेळ येईल.

तुझ्या काकूने मात्र कानाला खडा लावला आहे. "पाय गेला तरी बेहत्तर, मी तिथे परत जाणार नाही." तुला माहीत आहे, ती रागावते तेव्हा काळजी नसते. हे ती भाजी चिरताना शांतपणे म्हणाली.

आजकालच्या पोरींना हात नाही, हेच खरं.

तुझा,
दिनूकाका

---

लंडन, ऑंटारिओ
२२ फेब्रुवारी २०२५

ती. दिनूकाका,

नमस्कार. पत्र वाचून माझं टाळकं फिरलं. पाच वेळा! आमच्याकडे नियम आहे, दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा टोचायचं नाही, आमच्या टीमला बोलवायचं. तिथेही असं काहीतरी असणारच. मग कुणी सोनोग्राफीचं मशीन का आणलं नाही? काकूंचं वय पंच्याहत्तर, मधुमेह, पाय सुजलेला, हे बघून पहिल्या नर्सलाच कळायला हवं होतं. मला त्या वॉर्डचं नाव कळवा, मी सरळ तक्रार लिहायला तयार आहे.

आणि चौथ्या तासाला निघाली ती का निघाली, तेही सांगते. खोल शिरेत छोटी नळी घातली असणार. नळीचं टोक तेवढं आत, बाकी सगळी चरबीत. काकू उशी सारखी करायला गेल्या असतील आणि झालं. नाड्याच्या काडीला हसलात, पण तिथे ती काडी असती तर काकू आज हॉस्पिटलला शिव्या देत नसत्या.

एक कळत नाही. तुम्ही तर पूर्ण वेळ तिथेच होतात ना? तुम्ही असताना असं कसं झालं?

काकूंना म्हणावं, घाईने काही ठरवू नका. पाय म्हणजे काही विंटर टायर नाही, बदलून दुसरा बसवायला.

तुमची,
चैत्राली

---

रिचमंड हिल
२ मार्च २०२५

प्रिय चैत्राली,

मी पत्र लिहिते आहे म्हणून घाबरू नकोस, जिवंत आहे. ह्यांना ग्रोसरीला जाते असं सांगून निघाले आणि औषधांच्या दुकानातल्या पोस्टाच्या काउंटरशेजारी बसून लिहिते आहे. एका हातात मेथीची जुडी आहे.

तुझं पत्र मी वाचलं. ह्यांनी वाचून चष्म्याच्या घराखाली ठेवलं होतं, म्हणजे मला सापडू नये अशी त्यांची समजूत. त्यात तू त्या नर्सविरुद्ध तक्रारीची भाषा केलीस, म्हणून मला लिहिणं भाग पडलं. त्या बिचाऱ्यांचा दोष नाही.

झालं असं. पहिली मुलगी आली, माझा हात बघितला आणि लगेच म्हणाली, या आजींसाठी मशीन मागवते. अगदी तू म्हणतेस तसंच. तर हे उठून उभे राहिले. "मी डॉक्टर दीनानाथ. छत्तीस वर्षं अनेस्थेशिया दिलाय. माझ्या बायकोच्या शिरा उत्तम आहेत. डाव्या हाताला, मनगटाच्या वर चार बोटं, तिथे बघ. मशीन नको." त्या पोरीने बघितलं. नाही मिळाली. दुसरी आली, तिलाही हेच भाषण. तिसऱ्या वेळी तर हे स्वतः तिचं बोट धरून माझ्या हातावर फिरवत होते. एवढा मोठा डॉक्टर सांगतोय म्हटल्यावर त्या कोवळ्या पोरी नाही कशा म्हणणार?

तू विचारशील, मी का नाही बोलले. बोलणार होते गं. पण ह्यांचा चेहरा बघितला. शीर सापडत नव्हती तसतसा आवाज चढत होता आणि चेहरा उतरत होता. बोटात नाव होतं ह्यांच्या, आयुष्यभर. चार लोकांत मी कसं सांगू की तुमच्याबरोबर माझ्या शिराही रिटायर झाल्यात? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी पाच वेळा टोचून घेतलं.

पण सहाव्यांदा नाही. पायाची भीती मलाही आहे, उगाच शूरपणा नाही. पण तिथे गेले की हे पुन्हा उभे राहणार आणि मी पुन्हा गप्प बसणार, हे मला माहीत आहे. म्हणून जायचंच नाही.

मी लिहिलं असं ह्यांना सांगू नकोस. काहीतरी युक्ती कर, तू घरात सगळ्यांत अर्क आहेस.

तुझी,
चित्राकाकू

ता. क. मेथी सुकायला लागली, निघते.

---

लंडन, ऑंटारिओ
१० मार्च २०२५

ती. दिनूकाका,

नमस्कार. आज तक्रार नाही, कबुली आहे. तुमचा कान खरंच तयार निघाला.

"झटकन जमली" हे खोटं होतं. पहिल्या पाचात माझ्या तीन फसल्या. रक्ताचा पहिला थेंब दिसला की मी घाईने तार पुढे ढकलायची. सुईचं टोक अजून नीट शिरेत नसायचं आणि तार भिंतीत जाऊन वाकायची. तिसरे एक आजोबा होते, शेतकरी, मोठाले हात. त्यांची शीर फुटली आणि मी तोंडावर हसू ठेवून म्हणाले, "युअर व्हेन्स आर अ बिट ट्रिकी." चूक माझी आणि नाव त्यांच्या शिरांचं! ते उलट मलाच सॉरी म्हणाले. घरी येऊन मी जेवले नाही.

आता फॉर्मची गंमत ऐका. त्यात एक प्रश्न आहे: किती वेळा फसलं आणि का? बारापैकी अकरा जणांनी तो रकाना कोरा ठेवला. त्यात मीही. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त शीलाने लिहिलं. शीला आमच्या टीममध्ये सगळ्यांत जुनी, कोट्टायमची, अठ्ठावीस वर्षांची नोकरी, तिला अंधारातही शीर सापडते असं आम्ही म्हणतो. तिने लिहिलं, "सात वेळा फसलं. माझं बोट शीर शोधायला शिकलेलं आहे, पडदा बघायला नाही. सुईचा कोन जुन्याच सवयीने धरते. नळी लांब आहे, म्हणून लांब, सरळ शीर निवडावी लागते हे मला तिसऱ्या चुकीनंतर कळलं." मी तिला म्हटलं, तुला हे लिहायला लाज नाही वाटली? ती हसली. मला ती "मोळे" म्हणते, मल्याळीत मुली. "मोळे, लाज मला वाटली तर एका दिवसाची. नाही लिहिलं तर पुढच्या पेशंटचा हात."

मी तिथेच बसून माझा फॉर्म पुन्हा भरला. मग बाकीच्यांना परत दिले, तर आठ जणांनी रकाना भरून आणला. आता रिपोर्ट लिहिण्यासारखं काहीतरी हाताशी आहे. शिकायला वेळ लागतो, पण हात बसला की एका टोचण्यात काम होतं, असं त्यातून दिसतंय. माझ्या शेवटच्या दहापैकी नऊ पहिल्या फटक्यात. हा आकडा मोजून लिहिला आहे.

तुमचा भूलतज्ज्ञाचा अनुभवही मला हवाय. रकाना मोकळा सोडला आहे.

तुमची,
चैत्राली

---

रिचमंड हिल
३० मार्च २०२५

चि. चैत्राली,

आशीर्वाद.

तुझं पत्र फारच वेळेवर आलं. मी भूल देणारा माणूस आहे, मला कुणी हळूच गुंगीचं औषध देऊ लागलं तर कळतं. कुणी सुचवलं ते विचारत नाही. त्या दिवशी ग्रोसरीला दीड तास लागला आणि मेथीची एकच जुडी घरी आली.

उत्तराला वीस दिवस लागले कारण तीन पत्रं लिहून फाडली. तिन्हींत नर्सचा दोष होता.

छत्तीस वर्षांत मी कागदावर एकही चूक लिहिलेली नाही. चुका झाल्या नाहीत असं नव्हे. तेव्हा ही पहिली समज. त्या दिवशी मशीन मी नको म्हटलं. तिला पाच वेळा टोचलं ते त्या मुलींच्या हातांनी, पण टोचायला लावलं मी.

मनगटाच्या वर चार बोटं एक शीर होती, हे खरं आहे. एकोणऐंशी साली नंदनच्या वेळी बाळंतपणात तिला सुई लागत नव्हती, तेव्हा मी लावली होती, एका झटक्यात. सगळा लेबर रूम बघत होता. ती शीर मला पाठ होती. गेल्या शेहेचाळीस वर्षांत तिचं काय झालं ते मात्र मी पाहिलं नाही.

चार तारखेनंतर मी रोज संध्याकाळी टीव्ही बघताना तिचा हात हातात घेऊन बसतो. तिला वाटलं असेल म्हाताऱ्याला प्रेम सुचलं. मी डोळे मिटून शीर शोधत होतो. रोज वेगळी जागा. काही लागत नाही, चैत्राली. आधी वाटलं तिच्या शिरा खोल गेल्या. मग एके दिवशी माझ्याच हातावरची, डोळ्यांना दिसते आहे ती ठसठशीत शीर चाचपली. तीही बोटाला लागली नाही. बोटांची टोकं बधिर झाली आहेत. केव्हापासून कोण जाणे, मी कधी बघितलंच नव्हतं. मला रडू आलं. चित्रा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "शोधून झालं असेल तर चहा टाका."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी तिला सॉरी म्हटलं. बरं म्हणाली. पण हॉस्पिटलात जाशील का विचारलं तर मान हलवते, आणि ती मान होकाराची की नकाराची ते कळत नाही. पायावर काल पुन्हा गुलाबी झाक वाटली. दिवसातून तीनदा बघतो. मला तिच्या पायाची फार भीती वाटते.

एक काम कर. मी तिथे काय बोलायचं ते इंग्रजीत लिहून पाठव. हसू नकोस. माझ्या तोंडी सोडलंस तर मी "मी डॉक्टर दीनानाथ" इथूनच सुरुवात करीन.

तुझा,
दिनूकाका

---

लंडन, ऑंटारिओ
५ एप्रिल २०२५

ती. दिनूकाका,

पत्र ऑफिसात वाचलं, ते चुकलं. मस्कारा गालापर्यंत आला आणि शीलाला सगळं सांगावं लागलं. तिने तुम्हाला सलाम कळवलाय.

वाक्यं खाली देते. आधी मराठीत, म्हणजे नीट पाठ होतील: "हिच्या शिरा सापडायला अवघड आहेत. मागच्या वेळी पाचदा टोचावं लागलं. कृपया एकदाही न टोचता सोनोग्राफीवाल्या टीमला बोलवा, आणि मिळत असेल तर लांब नळी लावा." इंग्रजी मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलंय. तेवढंच बोलायचं आणि खुर्चीत बसायचं. बसणं हा औषधाचा भाग आहे.

गुलाबी झाक वाढली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी. पत्र लिहीत बसू नका, निघा. काकूंना हा कागद वाचायला द्या, म्हणजे तिथे तुम्ही काय बोलणार ते त्यांना आधीच कळेल. मला वाटतं त्यांना तेवढंच हवंय.

चैत्राली

---

रिचमंड हिल, हॉस्पिटल, तिसरा मजला
२४ एप्रिल २०२५

प्रिय चैत्राली,

खुशाल आहे. पाय उतरतो आहे, काल तापही गेला. फोनवर तुला सगळं कळलंच आहे, पण खरं ते पत्रात लिहावं म्हणून बसले. शिवाय लिहिता येतंय. नळी डाव्या दंडात आहे, तुझी ती तारवालीच, आज पाचवा दिवस. मागच्या वेळी पाणी प्यायलासुद्धा हात वाकवता येत नव्हता. काल मी याच हाताने ह्यांच्या स्वेटरचं बटण लावलं, तर शेजारच्या कॉटवरची बाई बघतच राहिली.

वीस तारखेला सकाळी थंडी वाजून ताप भरला. मी म्हटलं, गोळी द्या, जाणार नाही. हे वाद घालतील म्हणून तयारीत होते. ह्यांनी तुझा तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि बुटांच्या नाड्या बांधायला बसले. मी कागद वाचला. मग माझा कोट मागितला.

गाडीत हे ओठांतल्या ओठांत पाठ करत होते. मला शाळेतला नंदन आठवला. इमर्जन्सीत नर्स आली. तरणी पोरगी, माझा हात घेऊन थोपटायला लागली, तसे हे उठले. उठले आणि तुझी वाक्यं म्हटली. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. फक्त "प्लीज"ला मान जास्त लवली. आणि खाली बसले.

टीम यायला अडीच तास लागले. ह्यांनी एकदाही घड्याळ दाखवून कुणाला बोलावलं नाही, फक्त तीन वेळा वॉशरूमला जाऊन आले. मग मशीन घेऊन एक मुलगा आला. माझ्या दंडावर थंड जेल लावलं, पडद्यावर काळं वर्तुळ दिसलं. मी डोळे मिटले आणि ह्यांचा हात घट्ट धरला. एकदाच टोचलं. तो मुलगा "ऑल डन" म्हणाला तेव्हा मी अजून दुखायची वाट बघत होते.

मी डोळे उघडले तर हे रडत होते, अगदी उघडपणे, नाक ओढत. आणि बोलतही होते, तार कशी गेली, नळी कशी सरकली, कोन किती सुंदर धरलास, सगळं. तो मुलगा सामान आवरता आवरता थांबला आणि ह्यांना विचारलं, "सर, आर यू अ डॉक्टर?"

मी म्हटलं, झालं. आता छत्तीस वर्षं बाहेर पडणार.

हे म्हणाले, "नो. आय ॲम हर हजबंड."

लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, चैत्राली. आत्तापर्यंत हॉस्पिटलात माझ्याबरोबर नेहमी डॉक्टर यायचा. नवरा पहिल्यांदा आला.

तुझी,
चित्राकाकू